वस्त्रगाळ पूड

मी काय काम करते, असं दोन वर्षांत मला निदान दहा डॉक्टरांनी विचारलं असेल. कुणी मान वर करून विचारलं, कुणी केसपेपरवर लिहिता लिहिता. मी दर वेळी एकच उत्तर दिलं. "काही नाई. घरीच असते."

खोटं बोलायचा माझा विचार नव्हता. मला खरंच तसं वाटत होतं. काम रेखाच्या बाबांचं होतं. दगड त्यांचा, मशीन त्यांची, गिऱ्हाईक त्यांचं. मी घर झाडायची, स्वयंपाक करायची, भांडी घासायची आणि दुपारची जेवणं आटोपली की पदर खोचून पूड चाळायला बसायची. त्या चाळण्याला काम म्हणायचं असतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्या एका उत्तरापायी काय काय झालं ते सांगायला बसले आहे. बसले म्हणजे खरोखर बसले आहे, पाठीला तीन उशा लावून, कारण आडवं झालं की छातीवर कुणी पाय दिल्यासारखं होतं. एका वेळी अर्धं पान लिहून होतं, मग थांबते. कुठे सलग वाटलं नाही तर तिथे मला दम लागला असं समजा.

बारदाना

नंदनवन वस्तीच्या पुढे, जिथे तेव्हा निम्मे प्लॉट मोकळेच होते, तिथे आमचं दोन खोल्यांचं घर. पुढे टिनाचा व्हरांडा. लग्न झालं तेव्हा रेखाचे बाबा छन्नी-हातोड्यावर काम करायचे. पाटे-वरवंटे, उंबरठे, कुणाच्या दारावरची नावाची पाटी, विहाराची कोनशिला. खपल्या उडायच्या, पण धूळ बेताचीच.

ऐंशी सालच्या आसपास लोकांना स्वयंपाकाच्या ओट्यावर ग्रॅनाइट हवासा झाला. छन्नीनं ग्रॅनाइट कापणं म्हणजे दोन दिवस दगडाशी भांडणं. मग रेखाच्या बाबांनी मुंबईहून हातात धरायची कटर मशीन मागवली. बटण दाबलं की चाक फिरायचं आणि दगड भाकरीसारखा कापला जायचा. पहिल्या दिवशी मी आणि माझा दीर मिलिंद दारात उभे राहून बघत होतो. पाच मिनिटांत आम्हाला एकमेकांची तोंडं दिसेनात, इतकी पांढरी धूळ. आम्ही तिघंही हसत होतो.

शेजारच्या घरांनी छतावर पापड, वड्या वाळत घातलेल्या असायच्या. त्यावर धूळ बसू लागली. बायका येऊन बोलून गेल्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. रेखाचे बाबा मुळात भिडस्त. कुणाला आपला त्रास नको म्हणून त्यांनी व्हरांड्याला तिन्ही बाजूंनी बारदाना लावला, पोत्यांवर पोती शिवून, वरपासून खालपर्यंत. शेजाऱ्यांचे पापड वाचले. धूळ आमच्या घरात राहिली.

कुणीतरी सांगितलं की चाकावर पाणी सोडत जा. त्यांनी एकदा मला लोट्यानं पाणी ओतायला लावलं. हातातली विजेची मशीन आणि पाणी. असा झटका बसला की ते चार हात लांब जाऊन पडले. त्या दिवसापासून आमच्या घरी मशीनजवळ पाणी न्यायला बंदी. नाकाला दस्ती बांधायची आणि संध्याकाळी गुळाचा खडा खायचा. गुळानं छाती धुऊन निघते असं सगळेच दगडवाले म्हणायचे. आम्ही गूळ पुष्कळ खाल्ला.

माझी कीर्ती

ती पूड वाया जाते हे मला बघवत नव्हतं. एकदा चिमूटभर घेऊन चिंचेबरोबर पाणी प्यायच्या पितळी गडव्यावर घासली, तर गडवा असा निघाला की त्यात माझ्या नाकातली चमकी दिसली. राखेनं जन्मात तसा निघाला नसता.

मग मी रीतच पाडली. दुपारी व्हरांड्यातली धूळ झाडून गोळा करायची. जुनं मऊ धोतर परातीवर ताणून बांधायचं, त्यावर ओंजळ ओंजळ टाकायची आणि हातानं फिरवत राहायचं. जाड कण वर राहायचे, खाली मैद्यापेक्षा बारीक पूड पडायची. एका वेळेला समाधान झालं नाही तर दुसऱ्यांदा. वारा लागून उडू नये म्हणून मी दार लावून घ्यायची. इतकी शहाणी होते.

गल्लीत माझ्या पुडीचं नाव झालं. वैशाख पौर्णिमेच्या आधी विहारातले मोठे पितळी दिवे घासायला बायका पुड्या मागायला यायच्या. मी फुकट द्यायची. "इंदूबाईच्या हातची पावडर" असं कुणी म्हटलं की दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नसत. सातवी शिकलेल्या बाईला आयुष्यात दुसरं काय नाव मिळणार होतं?

मग मिलिंदचं लग्न झालं आणि शीला घरात आली. उमरेडकडची, सडपातळ, कमी बोलणारी. पंधरा दिवसांत मी तिला परातीपुढे बसवलं. तिनं दोन ओंजळी चाळल्या, सात-आठ शिंका दिल्या आणि तोंड धरून मोरीकडे पळाली.

"ताई, मले नाई जमत. नाकातोंडात जाते."

"नाक तर आमालेही आहे वं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी पोट. मी काय ते समजले. गल्लीत पाणी भरताना चारचौघींत मी तिला कामचुकार म्हणत असे, तिला ऐकू जाईल अशा बेतानं. ती मान खाली घालून बादली उचलायची. परातीपुढे मात्र बसायची नाही.

फोटो

खोकला कोरडा होता. थंडीत लागला म्हणून थंडीवर ढकलला, उन्हाळ्यात राहिला म्हणून कूलरवर. नळापासून घरापर्यंत तीसेक पावलं असतील. आधी दोन घागरी एका दमात आणायची. मग एक. मग एका घागरीला वाटेत दोनदा थांबू लागले. मी थांबले की बाया विचारत, आणि मला त्याचाच राग येई.

मोठ्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. तो दिवस मला आजही तसाच आठवतो. लाकडी बाक, पुढे रांग, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या. डॉक्टरनं फोटो खिडकीकडे धरला आणि म्हणाला, "दोन्ही बाजूंनी डाग आहेत. काय काम करता?" मी माझं उत्तर दिलं. त्यानं लिहिलं: क्षय.

बाहेर आलो. रेखाच्या बाबांनी सायकल काढली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. हँडलकडे बघतच म्हणाले, "रेखाले नको सांगू." रेखा चार वर्षांची होती. तिला काय सांगणार होते मी?

घरी गेल्या गेल्या माझं ताट वेगळं झालं. वाटी, पेला, अंथरूण सगळं वेगळं. कुणी कुणाला सांगितलं नाही, आपोआप झालं. रेखा शीलाजवळ झोपू लागली. तिनं माझ्या खोलीचा उंबरा ओलांडला की शीला हलकेच तिचा हात धरून मागे नेई. मला कळत होतं की ती बरोबर करते आहे, आणि तिचा हात मोडावा असंही वाटत होतं. दोन्ही खरं आहे.

रोज सुई, गोळ्यांची मूठ. लघवी लाल, कान बधिर, जेवण नकोसं. थुंकी दर महिन्याला तपासायचे आणि दर महिन्याला त्यात काही सापडायचं नाही. तरी फोटो बघितला की पुन्हा त्याच गोळ्या. वजन उतरलं. बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या.

या सगळ्यात एकदाच, अगदी सुरुवातीला, मला शीलाबद्दल बरं वाटलं. मला चाळायला उठवेना तेव्हा ती म्हणाली, "तुमी पडून राहा ताई. पूड मी पाहून घेतो." मी तिला बजावलं, दार लावून चाळजो, उडू देऊ नको. तिनं मान हलवली. पुड्या पहिल्यासारख्या गल्लीत जाऊ लागल्या. पण बायका कुरकुरायला लागल्या की पूर्वीसारखी चमक येत नाही. मी खाटेवरून तिला बोलले, "हात चालव ना वं जरा! माझं नाव कायले खराब करतं?" ती पुड्या बांधत राहिली.

एके दुपारी रेखा अंगणात पडली. गुडघा फुटला. मी खिडकीतून हाक मारत होते. ती उठून धावली, आणि "आई" म्हणून शीलाच्या कमरेला बिलगली. शीलानं खिडकीकडे बघितलं. मी पडदा ओढून घेतला.

वॉर्डातली उशी

दुसऱ्या वर्षाअखेर मला भरती केलं. लांबलचक वॉर्ड, उंच छत, पंखा असा की फिरतो आहे हे बघूनच समाधान मानायचं. पहाटे फिनेल, मग चहा, मग सुई, मग मोठ्या डॉक्टरांचा राउंड. राउंड येणार म्हटलं की सिस्टर आमच्या चादरी ओढून सरळ करायची. माणसं वाकडी पडलेली असली तरी चालत होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर काटोलकडची एक म्हातारी होती. तिच्याजवळ घरून आणलेली सावरीच्या कापसाची उशी होती. मला आडवं पडता येत नव्हतं आणि दवाखान्याची एक चपटी उशी पुरत नव्हती. म्हातारी मला बघायची आणि म्हणायची, "मी गेली का माही उशी तू घेजो." मी म्हणायची, "असं कायले बोलता आजी?" पण उशीवर माझी नजर होती. एका सकाळी तिला पांढऱ्या चादरीत नेलं. दुपारी तिच्या मुलानं सामान बांधलं तेव्हा मी उशी मागून घेतली. लाज वाटली नाही. अशी अवस्था येते, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिते.

रेखाचे बाबा रोज भेटीच्या वेळेला यायचे. समोरच्या खाटेवरच्या बाईला सलाईन लावलेलं असे. ते स्टुलावर बसून त्या बाटलीतून पडणारे थेंब बघत बसायचे. मला वाटायचं, माझ्याकडे बघवत नाही म्हणून तिकडे बघतात.

मी घरून माझा पितळी गडवा नेला होता आणि एका डब्बीत माझ्या हातची जुनी पूड. हातपाय चालत नव्हते तरी रोज वॉर्डाच्या नळावर बसून गडवा घासायची. सगळं माझ्या हातून गेलं होतं, तेवढं एक राहिलं होतं. आयाबाई म्हणायची, या बाईचा गडवा बघून सकाळ झालेली कळते.

"हे चाळतं कोण?"

वॉर्डात एक नवीन डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, चष्म्याच्या, नेहमी घाईत. तपासून झाल्यावर त्यांचं लक्ष गडव्याकडे गेलं.

"अहो, काय लखलखीत आहे! माझ्या घरची समई काळीठिक्कर पडली आहे. कशानं घासता?"

मला काय आनंद झाला! उशीखालून डब्बी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी झाकण उघडलं. चिमूट घेऊन बोटांवर चोळली, पुन्हा चोळली. उजेडाकडे धरली. त्यांचं हसू गेलं.

"हे काय आहे?"

"दगडाची पूड. ग्रॅनाइटची. आमचे हे घरी कापतात ना."

"इतकी बारीक कशी?"

"वस्त्रगाळ करतो आम्ही."

"हे चाळतं कोण?"

"मीच. चार-पाच वर्षं रोज. आता जाऊ चाळते."

त्या माझ्या खाटेवर बसल्या. डॉक्टर खाटेवर बसत नाहीत. त्यांनी माझे सगळे जुने फोटो मागवले, एकेक करून खिडकीवर धरून बघितले. मग मला सोप्या शब्दांत सांगितलं. ही पूड नाकातून आत जाते ती बाहेर येत नाही. फुप्फुसात रुतून बसते, तिथे गाठी होतात. रोगाचं नाव सिलिकोसिस. क्षयाचे जंतू माझ्या थुंकीत एकदाही सापडले नव्हते.

"मंग आता कोणतं औषध?" मी विचारलं.

"जे आत गेलं ते काढायचं औषध नाही," त्या म्हणाल्या. "धाप कमी करायला काही देऊ. धूळ मात्र आजपासून बंद."

"आणि हे लागते का दुसऱ्याले? लेकराले?"

"नाही हो. हा संसर्ग नाही."

म्हणजे दोन वर्षं मी रेखाला जवळ घेतलं नव्हतं ते उगाच. हे मनात उतरायच्या आत दुसरं उतरलं. दोन वर्षं शीला चाळते आहे. दार लावून, कारण मी तसं बजावलं. आणि रेखा दिवसभर तिच्या मांडीवर असते.

मी किंचाळले असणार, कारण सिस्टर धावत आली.

कामचुकार

दोघींचा फोटो काढायचं ठरलं. निकाल दुसऱ्या दिवशी मिळणार होता. त्या एका दिवसाबद्दल मला फारसं लिहिता येत नाही. मी कुणाला काय मागितलं, काय कबूल केलं, ते माझ्यापाशीच राहू द्या. शीला आली नसती तर बरं, असं मी तिच्या लग्नापासून म्हणत आले होते. त्या दिवशी तिच्या श्वासाच्या बदल्यात मी माझा उरलेला देऊन टाकला असता.

डॉक्टरीणबाई दोन फोटो घेऊन आल्या. शीला रेखाला कडेवर घेऊन उभी होती, रेखाचे बाबा मागे.

"दोन्ही स्वच्छ आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग चष्म्यावरून शीलाकडे बघितलं. "दोन वर्षं रोज चाळलंत म्हणे? मला खरं वाटत नाही."

शीलानं रेखाला खाली उतरवलं, पदर हातात घेतला, सोडला.

"मी चाळलीच नाई," ती म्हणाली. "एकबी दिवस नाई."

"मंग पुड्या?" मी विचारलं.

"धुळीवर पाणी मारून, पोत्यात भरून मांगच्या खड्ड्यात टाकत होती. पुड्यायत चौकातल्या हॉटेलच्या भट्टीची राख भरत होती." ती रडायला लागली. "मले लय मळमळे ताई त्या धुळीनं. तुमी नाराज होसान म्हणून नाई सांगतलं. तुमचं नाव खराब केलं मी."

मला हसू फुटलं. दोन वर्षं विहारातले दिवे हॉटेलच्या राखेनं घासले जात होते आणि मी खाटेवरून हात चालव, हात चालव म्हणून तिला टोचत होते. हसता हसता खोकल्याची उबळ आली, पाठ धरली, डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते थांबेचना. शीला माझी पाठ चोळत होती. मी तिला म्हटलं, "बरं केलं वं. लय बरं केलं." याहून मोठं काही सुचलं नाही.

मग मी रेखाला बोलावलं. ती आली नाही. दोन वर्षं तिला सांगितलं होतं की आईजवळ जायचं नाही. शीलानं तिला ढकलत ढकलत आणली तेव्हा तिनं माझ्या हाताला एक बोट लावून बघितलं.

बाटली

रेखाचे बाबा मात्र फोटो काढायला तयार होईनात. "मी त रोज कापून राहिलो. मले कुठे काय झालं?" म्हणायचे. खोकला त्यांना खरोखरच नव्हता. घरी गेल्यावर मशीन आठ दिवस बंद ठेवली, पण घर चालायचं कशावर? मग एक दिवस त्यांनी दवाखान्यातून सलाईनची रिकामी बाटली आणि नळी मागून आणली. ते स्टुलावर बसून थेंब का बघत होते ते मला तेव्हा कळलं.

एका मिस्त्रीकडून त्यांनी लोखंडी टेबल करून घेतलं. मोटर एका बाजूला उंचावर, पाणी पोचणार नाही अशी, तिच्यावर पत्र्याचं झाकण. पट्ट्यानं फिरणारं चाक खाली. मशीन हातात धरायचीच नाही, दगड सरकवत न्यायचा. वायरमनला बोलावून अर्थिंग नीट करवून घेतलं, पायात रबरी बूट. आणि चाकाच्या वर खिळ्याला ती बाटली उलटी टांगलेली, नळीतून धार सोडलेली. पहिला काप कापला तेव्हा धूळ उडालीच नाही. पांढरा गाळ खाली बादलीत ठिबकत होता. मिलिंदनं बारदाना ओढून काढला. व्हरांड्यात उजेड आला, आणि आम्ही सगळे त्या बादलीकडे बघत उभे राहिलो. इतकं सोपं होतं ते.

डॉक्टरीणबाईंनी निरोपावर निरोप धाडले तेव्हा कुठे पाच महिन्यांनी रेखाच्या बाबांनी फोटो काढला. बाईंनी तो माझ्या फोटोशेजारी धरला. मला काही कळत नाही त्यातलं, पण कुणाचा जास्त पांढरा आहे एवढं दिसत होतं. माझ्या छातीत चार-पाच वर्षांच्या दुपारच्या ओंजळी होत्या. त्यांच्या छातीत मशीन आल्यापासूनचे सगळे दिवस होते, वरून छन्नीची वर्षं.

खोकला मग आला, आणि आला तो थांबला नाही. दीड वर्ष आमच्या दोन खाटा समोरासमोर होत्या. एकमेकांचा दम ऐकत आम्ही जागे असू. "तू माहा दम मोजतं का इंदू?" एकदा त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मोजत होते. शेवटी शेवटी ते फक्त एवढंच म्हणत, "तुले मी कायले चाळू देलं?" मी म्हणायची, तुम्ही कुठे सांगितलं होतं, मी माझ्या हौसेनं चाळत होते. त्याचा काही उपयोग होत नव्हता. गेल्या पौषात ते गेले. नावाची पाटी त्यांनी स्वतःच कापून ठेवली होती, पाण्याच्या धारेखाली.

सांगायचं ते

मिलिंद वाडीच्या ट्रान्सपोर्टमधली नोकरी सोडून आता ते टेबल चालवतो. दगड घरीच कापायचा असेल तर माझं ऐका. पाणी चाकावर सतत हवं. मोटर पाण्यापासून लांब हवी. उघड्यावर कापा, शेजारी बोलले तर बोलू द्या, बारदाना लावू नका. दस्ती कामाची नाही, कारखान्यात मिळतो तसा गाळणीचा मास्क घ्या. गूळ आवडत असेल तर खा, छातीचं त्यात काही नाही. सांडलेलं कोरडं झाडू नका, पाणी मारून उचला. आणि कुठल्याही कोरड्या पुडीची चमक घरात आणू नका.

शीला सकाळी बाटली भरल्याशिवाय मिलिंदला बटण दाबू देत नाही. दुपारी धार बारीक झाली की आतूनच ओरडते, नाही ऐकलं तर जाऊन मेन स्विच पाडते. दोघांची भांडणं होतात. मी कुणाची बाजू घेते हे आता मिलिंद विचारतही नाही. गडवा माझ्या खाटेशी असतो, काळपट पडला आहे, तसाच असू दे.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो. शीलानं मला धरून खिडकीशी उभं केलं होतं. नवीन केसपेपर काढायचा होता. कारकुनानं नाव विचारलं, वय विचारलं, मग विचारलं, "काम?"

मी श्वास घेत होते. तो माझ्यासाठी थांबला नाही, स्वतःच म्हणाला, "काही नाही ना? घरीच?" आणि लिहायला लागला.

"काही नाई कसं?" शीला म्हणाली. "लिवा. दगडाची पूड चाळत होती. पाच वर्षं."

"अहो, असं कोणी लिहितं का?"

"तुमी लिवा."

त्यानं लिहिलं. मग जरा चिडूनच तिला विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही काय करता?"

"मी ते काम केलं नाई," शीला म्हणाली. "म्हणून त ताईले धरून उभी आहो."